मार्सियाकचा जॅझ महोत्सव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की तुलूज, पॅरिस, लंडन ते थेट पुणे-डोंबिवलीपर्यंतच्या मंडळींचे मार्सियाकबद्दल तेच ते प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. जिथे सांगण्यासारखं आहे तिथे रेंगाळले आहे, बाकीचं दोन ओळींत उरकलं आहे.

मार्सियाक आहे तरी कुठे?

फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, जुन्या गॅस्कनी प्रांतातल्या जेर्स जिल्ह्यात. तुलूजहून गाडीने साधारण दोन तास. जवळची मोठी गावं म्हणजे ओश आणि तार्ब. मार्सियाकची वस्ती सुमारे बाराशे. आजूबाजूला मका, सूर्यफूल, द्राक्षमळे; हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला पिरेनीज पर्वताची रांग दिसते.

हे गाव आपोआप वाढलेलं नाही, १२९८ साली आखून वसवलेलं आहे. मधोमध मोठा आयताकृती चौक, चौकाभोवती कमानींचे सोपे आणि काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या. या भागात अशा गावांना बास्तीद म्हणतात. हा चौक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

महोत्सव कधी असतो?

जुलैच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास संपतो. एकूण दोन-तीन आठवडे. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा पाहा. 'दरवर्षी पंधरा ऑगस्टपर्यंत असतो' असं सांगणारा जुना माहीतगार भेटला, तर तो जुन्याच वर्षांचं बोलतो आहे असं समजा.

बाराशे वस्तीच्या गावात एवढा मोठा महोत्सव कसा काय?

मला सर्वात आवडणारा प्रश्न हाच. सुरुवात १९७८ ची. गावातल्या युवक मंडळाने उन्हाळ्यात एका रात्रीची मैफल ठरवली. गावात जॅझची परंपरा वगैरे काही नव्हती. होती ती काही वेड्या रसिकांची जिद्द आणि शेजारपाजारी राहणारे दोन कलावंत. एक गी लाफित, त्याच मुलखातला टेनर सॅक्सोफोनवादक. दुसरा बिल कोलमन, १९०४ साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, पॅरिस नावाच्या गावाजवळ जन्मलेला कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक. तो १९४८ मध्ये कायमचा फ्रान्सला आला आणि उतारवयात जेर्समध्ये स्थायिक झाला. मार्सियाकच्या पहिल्या वर्षांना या दोघांचा आधार होता.

मराठी वाचकासाठी यात एक गंमत आहे. हाच बिल कोलमन १९३६-३७ च्या हिवाळ्यात लिऑन ॲबीच्या बँडबरोबर मुंबईत वाजवत होता. म्हणजे मार्सियाकच्या आधी चाळीस वर्षं त्याचा ट्रम्पेट आपण ऐकला होता. 'आपण' म्हणजे अर्थात ज्यांना तेव्हा ताजमहाल हॉटेलात प्रवेश होता आणि ते परवडत होतं ते.

पण दोन कलावंत शेजारी राहतात म्हणून महोत्सव चार दशकं टिकत नाही. त्यामागे गावातली शाळा आहे. जाँ-लुई गिलोमाँ हे तिथल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. महोत्सवाची धुरा त्यांनी वाहिली आणि १९९५ पासून ते गावचे महापौरही झाले. खेड्यातल्या शाळांना सगळीकडे असते तीच भीती तिथेही होती: मुलं कमी होतात आणि एक दिवस शाळा बंद करण्याचा कागद येतो. १९९३ मध्ये या शाळेने नेहमीच्या अभ्यासक्रमात जॅझचं शिक्षण आणलं. लांबलांबून मुलं येऊ लागली, वसतिगृहात राहू लागली आणि शाळा टिकली. सुरुवातीच्या त्या मुलांपैकी एमिल पारिझियाँ हा आज युरोपातल्या अव्वल सोप्रानो सॅक्सोफोनवादकांत गणला जातो.

मुख्य मंडप उभा राहतो तो गावच्या रग्बीच्या मैदानावर. रग्बी हा तिथला धर्म आहे, तेव्हा या त्यागाची किंमत ओळखा. त्या तंबूत सुमारे सहा हजार माणसं मावतात, म्हणजे गावाच्या पाचपट. तिकीट तपासणारे, पाणी देणारे, गाड्या लावून देणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि त्यांची संख्या शेकड्यांत जाते. २०११ पासून गावात आस्त्रादा नावाचं पाचशे आसनांचं पक्कं सभागृहही आहे आणि तिथे वर्षभर कार्यक्रम होतात. तीन आठवडे गजबज आणि उरलेलं वर्ष सामसूम, असा प्रकार इथे नाही. बाराशे वस्तीच्या गावात बेकरी, शाळा आणि जॅझचं सभागृह तिन्ही चालू असणं ही साधी गोष्ट नव्हे.

मला जॅझ कळत नाही. येऊन काय करू?

शास्त्रीय संगीत थोडंफार ऐकलं असेल तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त कळेल. बहुतेक जॅझ रचनांत आधी सगळे मिळून मूळ धून वाजवतात, मग एकेक जण तिच्यावर उपज करतो आणि शेवटी धून पुन्हा येते. बंदिश, मग विस्तार, मग मुखड्यावर येणं, हा प्रवास आपल्या ओळखीचा आहे.

फरक कुठे आहे तेही सांगते, कारण नवखा ऐकणारा तिथेच अडखळतो. आपल्याकडे तंबोऱ्याचा षड्ज अढळ असतो आणि गायक त्याच्याभोवती फिरतो. जॅझमध्ये पायाखालची जमीनच सरकत असते. पियानो आणि बास दर एक-दोन बारनंतर (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा खंड) स्वरसंगती बदलतात आणि सोलो वाजवणाऱ्याला त्या बदलत्या संगतीतून वाट काढावी लागते. ब्लूजचं आवर्तन १२ बारचं, जुन्या गाण्यांवरच्या रचनांचं बहुधा ३२ बारचं. एका बारमध्ये बहुतेक वेळा चार मात्रा. पहिल्या धुनीच्या वेळी आवर्तनाची लांबी मनात मोजून ठेवा आणि सोलो सुरू झाला की बासवर कान ठेवा. आवर्तन फिरून सुरुवातीला आलं की ड्रमर बहुतेक वेळा काहीतरी खूण देतो. ती एकदा पकडली की तुम्ही आत शिरलात.

रचनेच्या शेवटाकडे कधीकधी ड्रमर आणि बाकीचे वादक चार-चार बार वाटून घेतात. हा सरळ सवाल-जवाब आहे, कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

दोन सूचना. प्रत्येक सोलो संपल्यावर टाळी द्यायची असते, रचना संपायची वाट पाहायची नाही. आणि हाताने ताल धरणार असाल तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो आणि शेजारचे वळून बघतात. 'क्या बात है' मोठ्याने म्हटलं तरी चालतं. त्या मंडळींना शब्द कळत नाहीत, सूर कळतो.

रोज रात्रीचं तिकीट काढावं लागतं का?

नाही, आणि माझं ऐकाल तर काढूही नका.

महोत्सवाचे दोन भाग आहेत. रात्री नऊला मोठ्या तंबूत नामवंतांच्या मैफली होतात, त्यांना तिकीट असतं. दिवसभर चौकातल्या मंचावर एकामागून एक बँड वाजवतात आणि ते फुकट असतं. याला 'बिस' म्हणतात. दुपारच्या आधी सुरू होतं आणि तंबूतली मैफल सुरू होण्याच्या सुमारास थांबतं. तिथे वाजवणारे उरलेसुरले नसतात. फ्रान्सभरचे तयारीचे तरुण बँड त्यात असतात, शाळेतली मुलं असतात आणि पाच-सात वर्षांनी तंबूत दिसणारी नावंही असतात.

पहिल्यांदा येणारे बहुतेक जण चूक करतात ती अशी: तंबूचं महागडं तिकीट काढतात, संध्याकाळी साडेआठला पोचतात, मैफल ऐकतात आणि मध्यरात्री परत जातात. त्यांनी एक चांगली मैफल ऐकलेली असते, पण मार्सियाक पाहिलेलं नसतं. सहा हजारांच्या तंबूत मागे बसून पडद्यावर कलाकार बघणं पॅरिसलाही जमेल. कमानीखाली सावलीत बसून, समोर खरबुजाची फोड, दहा पावलांवर बासवादकाची बोटं आणि शेजारच्या टेबलावर गावातल्या आजीबाईंचं 'हा ड्रमर जरा घाई करतो' असं परीक्षण, हे मात्र इथेच मिळतं.

माझा हिशोब असा: तीन दिवस राहणार असाल तर तंबूची एक रात्र, आस्त्रादामध्ये काही असेल तर तिथली एक मैफल, बाकी सगळा वेळ चौकात.

तंबूत कोण कोण येतं?

जगभरातले. पण गावाचं खास नातं आहे ते विंटन मार्सालिसशी. न्यू ऑर्लिन्सचा हा ट्रम्पेटवादक १९९१ पासून जवळजवळ दरवर्षी येत राहिला. गावाने १९९७ मध्ये त्याचा पुतळा उभारला, तोही तो धडधाकट असताना. आणि त्याने गावावर अख्खी 'मार्सियाक स्वीट' (स्वीट म्हणजे अनेक भागांची सलग रचना) रचली. येण्याआधी काही ऐकून यायचं असेल तर तिथून सुरुवात करा. ब्रॅड मेल्डाऊचं २००६ मधलं एकट्याचं पियानोवादन आणि अहमद जमालची २०१४ ची मैफल, दोन्ही मार्सियाकमध्येच ध्वनिमुद्रित झाली आणि सहज मिळतात. मेल्डाऊ रात्री, एकट्याने ऐका. जमाल स्वयंपाक करताना चालतो.

अलीकडे पॉप, सोल, लॅटिन संगीताची मोठी नावंही तंबूत असतात. जुने जॅझवाले नाकं मुरडतात. तंबू भरला नाही तर चौकातलं फुकट वादन कुठल्या पैशांवर चालेल, हे त्यांना विचारून बघा.

खायला काय मिळतं?

बदक. नंतर बदक. मग थोडं बदक.

विनोद बाजूला ठेवला तरी जेर्सची खाद्यसंस्कृती खरोखर या पक्ष्यावर उभी आहे. काँफी म्हणजे मीठ लावून मुरवलेली तंगडी बदकाच्याच चरबीत मंद आचेवर तासन् तास शिजवायची आणि त्याच चरबीत बुडवून टिकवायची. फ्रीज नव्हते तेव्हाचं हे हिवाळ्याचं बेगमीचं अन्न. माग्रे म्हणजे पोसलेल्या बदकाची छाती. वरच्या चरबीवर चिरा पाडून भाजतात आणि आतून गुलाबी ठेवतात. पूर्वी हाही भाग काँफीतच जायचा. ओश गावचे शेफ आंद्रे दागाँ यांनी तो स्टेकसारखा भाजून वाढायला सुरुवात केली आणि आता फ्रान्समध्ये कुठेही मिळतो. सॅलडवर बदकाचे परतलेले गिझर्ड घालतात. आपल्याकडे कोंबडीची पेटी खाणाऱ्यांना ते आवडतील.

फ्वा ग्राचं सांगायलाच हवं. बदकाला नळीने सक्तीने मका भरवून त्याचं यकृत फुगवतात, त्या यकृताचा हा पदार्थ. अनेक देशांत ही पद्धत बेकायदा आहे आणि भारताने २०१४ मध्ये त्याची आयात बंद केली. जेर्समध्ये मात्र तो अभिमानाचा आणि पोटापाण्याचा विषय आहे, चौकात त्यावर वाद घालायला जाऊ नका. मी खात नाही. पण 'फ्वा ग्रा नको, माग्रे द्या' म्हणणाऱ्यांनी स्वतःची समजूत काढू नये. माग्रेसुद्धा त्याच पोसलेल्या बदकाचं असतं.

बदकापलीकडे: लेक्तूरची खरबुजं, लोमान्यचा पांढरा लसूण, तार्बचा मोठा पांढरा घेवडा, पिरेनीजमधलं मेंढीच्या दुधाचं चीज. लसणाचं तूराँ नावाचं पातळ सूप मिळालं तर सोडू नका. आणि क्रूस्ताद: कागदासारखे पातळ, जवळजवळ पारदर्शक पदर, आत सफरचंद, वर आर्मान्याक या इथल्या ब्रँडीचा शिडकावा. चिरोट्यावर वाढलेल्या माणसाला त्या पदरांची किंमत लगेच कळते.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण सावध राहावं लागेल. चोरखड्डे सांगते.

बटाट्याच्या फ्राइज या भागात बऱ्याचदा बदकाच्या चरबीत तळतात, आणि पाटीवर ते मोठ्या कौतुकाने लिहिलेलं असतं. हिरव्या सॅलडवर 'लार्दों' म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे न विचारता येतात. घेवड्याची भाजी दिसायला निरागस असली तरी तिच्यात हाड किंवा चरबी असू शकते. क्रूस्तादच्या पदरांना पारंपरिक पद्धतीत हंसाची किंवा बदकाची चरबी लावतात. आता बरेच जण लोणी वापरतात, पण विचारल्याशिवाय धरून चालू नका.

पाठ करायचं वाक्य: 'ज न मांज नी व्यांद, नी प्वासाँ', म्हणजे मी मांस खात नाही, मासेही नाही. पुढे 'नी ग्रेस द कानार' जोडलं की बदकाच्या चरबीचाही प्रश्न मिटतो आणि वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावर तुमच्याबद्दल खरीखुरी दया दिसते. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणालात तर काही ठिकाणी मासा पुढे येतो.

बिनधोक मिळणारं: ऑम्लेट (खात असाल तर), बकरीच्या चीजचं सॅलड, खरबूज, टोमॅटो, ब्रेड, चीज, फळं. महोत्सवात दुकानं-ठेले बरेच असल्याने क्रेप (पातळ फ्रेंच धिरडी) किंवा इतर देशांचं काही ना काही सापडतं. जैन असाल तर सरळ डबा आणा, थेपले-खाकऱ्यांना पर्याय नाही. आणि जेवणाच्या वेळा पाळा. बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर, या वेळांबाहेर स्वयंपाकघरं थंड असतात. तंबूची मैफल असेल तर साडेसहालाच जागा पकडा, कारण तुमच्यासारख्या हजारोंना नऊच्या आत जेवायचं असतं.

वाइन आणि आर्मान्याक यांचं काय?

आर्मान्याक ही इथली द्राक्षांची ब्रँडी. कोन्याकपेक्षा जुनी, कमी प्रसिद्ध आणि माझ्या मते जास्त रांगडी. बहुतेक आर्मान्याक एकाच सलग ऊर्ध्वपातनात काढतात, त्यामुळे द्राक्षाचा वास जास्त उरतो. मग ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. जेवणाआधी घ्यायचं गोडसर पेय म्हणजे फ्लॉक: ताजा द्राक्षरस आणि तरुण आर्मान्याक यांचं मिश्रण. ते थंडगार देतात, सरबतासारखं लागतं आणि सरबत नसतं. लाल वाइनमध्ये जवळच्या मादिरां गावची, तान्ना जातीच्या द्राक्षाची. जीभ आक्रसून टाकणारी आणि म्हणूनच बदकाच्या चरबीबरोबर शोभणारी. सँ-माँ गावच्या वाइन त्या मानाने हलक्या, दुपारच्या उन्हात त्याच बऱ्या.

गाडी चालवणाऱ्याने मर्यादा लक्षात ठेवावी: फ्रान्समध्ये रक्तात लिटरला ०.५ ग्रॅम, नव्या चालकांसाठी ०.२. महोत्सवाच्या रात्री पोलीस रस्त्यावर असणार हे गृहीत धरा.

चित्रं, शिल्पं, हस्तकला?

या दिवसांत गावातली रिकामी दुकानं, गॅरेजं, धान्याची कोठारं, क्वचित घरांच्या बाहेरच्या खोल्याही कलादालनं होतात. चित्रकार, कुंभार, लाकूडकाम करणारे, दागिने घडवणारे स्वतः बसलेले असतात. दर्जा एकसारखा नाही हे मोकळेपणाने सांगते. सॅक्सोफोन वाजवणाऱ्या काळ्या आकृतीची निळ्या पार्श्वभूमीवरची चित्रं तुम्हाला गल्लोगल्ली दिसतील, ती न घेता पुढे जा. पण मातीकाम आणि लाकूडकाम बघण्यासारखं असतं, आणि चौकापासून दोन गल्ल्या आत गेलं की गर्दीही विरळ होते आणि कलाकार बोलायला मोकळा असतो. दुपारी चौकात ऊन कडक असतं तेव्हा हा फेरफटका मारा.

वर मान करून चर्चचा मनोराही बघा. जेर्स जिल्ह्यातला सर्वात उंच, आणि रस्ता चुकलात तर शेतांपलीकडून दिसणारी खूण.

जायचं कसं?

गावात रेल्वे नाही. पॅरिसहून बोर्दोमार्गे तार्बपर्यंत टीजीव्ही ही वेगवान रेल्वे जाते. तुलूजहून ओशपर्यंत साधी गाडी आहे. तिथून पुढे बस किंवा महोत्सवाच्या काळातल्या खास गाड्या मिळू शकतात, पण रात्रीच्या मैफलीनंतर परत कसं जाणार हे आधी ठरवल्याशिवाय निघू नका. सर्वात सोयीचं म्हणजे चार जणांनी मिळून गाडी भाड्याने घेणं. गाव लहान असल्याने गाड्या गावाबाहेरच्या शेतांत लावतात आणि पुढे चालत जायचं.

राहायचं कुठे?

गावात हॉटेलं नावापुरतीच. लोक आपल्या घरातल्या खोल्या भाड्याने देतात, आजूबाजूच्या शेतघरांत सोय असते आणि तंबू ठोकायला जागा असते. वीस-तीस किलोमीटरवरच्या खेड्यात खोली मिळाली तरी खुशाल घ्या. मात्र कार्यक्रमपत्रिका जाहीर होईपर्यंत थांबू नका. खोली आधी, कलाकार नंतर.

आई-बाबांना आणता येईल का? आणि लहान मुलांना?

आई-बाबांना जरूर आणा. गाव सपाट आहे, अंतरं कमी आहेत, चढ-उतार नाहीत. अडचण उन्हाची. पारा पस्तिशीला सहज टेकतो, म्हणून अकरा ते एक आणि मग थेट पाचनंतर, असा दिवस आखा. उलट रात्री उशिरा तंबूत गारठा जाणवतो. शाल किंवा पातळ स्वेटर हवाच. मैफल मध्यरात्र ओलांडते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्र रात्र जागलेल्या पिढीला त्याचं काही वाटत नाही. दहाच्या ठोक्याला माइक बंद होण्याची सवय लागलेल्या आपल्यालाच जांभया येतात.

मुलांसाठी चौक उत्तम, तंबू नाही. अगदी लहानांना कानांवर लावायचे आवाजरोधक हेडफोन घ्या, औषधांच्या दुकानातही साधे इअरप्लग मिळतात.

फ्रेंच येत नाही. अडेल का?

फारसं नाही. दुकानात शिरताच आधी 'बाँजूर' म्हणा, मग काय ते इंग्रजीत विचारा. ते न म्हणता थेट प्रश्न टाकलात तर तिथल्या दृष्टीने तुम्ही उद्धट ठरता.

आसपास बघायला काही?

एक सकाळ लुपियाकसाठी ठेवा. कादंबऱ्या-चित्रपटांतून जगभर गेलेला मस्केटिअर (राजाचा बंदूकधारी शिपाई) दार्तान्यां हा खरा माणूस, लुपियाकजवळच जन्मलेला. ओशच्या कॅथेड्रलमध्ये आर्नो द मोल याने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या रंगीत काचा आहेत. चर्च बघून बघून कंटाळलेल्यांनीही त्या चुकवू नयेत. शेजारच्या बासू गावात चौदाव्या शतकातला किल्ल्याचा उंच बुरूज आहे. आणि काहीच नको असेल तर मार्सियाकचं तळं, गावाला लागूनच.

भारतातून येतोय. वेगळं काही?

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणं हीच खरी परीक्षा, तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये हालचाल करा. खेड्यातल्या खोलीची पावती व्हिसासाठी लागेल, ती घरमालकाकडून लेखी मागून घ्या.

परत नेताना: मद्य माणशी दोन लिटरपर्यंत शुल्काविना चालतं, म्हणजे आर्मान्याकच्या दोन बाटल्या आरामात. फ्वा ग्राचे डबे बॅगेत टाकू नका, कारण वर सांगितलंच आहे.

जॅझ ऐकायला एवढं लांब कशाला? आपल्याकडे नाही का?

आहे आणि होतं. मुंबईत निरंजन झवेरींच्या पुढाकाराने 'जॅझ यात्रा' सुरू झाली तेही १९७८ सालीच, रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर. त्याआधी हॉटेलांतून वाजवणारे आणि सिनेमाच्या स्टुडिओंत पोट भरणारे गोवेकर वादक होतेच. चिक चॉकलेट या नावाने गाजलेला ट्रम्पेटवादक आंतोनियो वाझ सी. रामचंद्रांचा सहकारी होता. अण्णांच्या ठेकेबाज गाण्यांवर आपल्या आजी-आजोबांचे पाय हलले, ते नकळत जॅझवरच.

मार्सियाक आणि जॅझ यात्रा, दोन्ही एकाच वर्षी सुरू झाले. मुंबईकडे पैसा, माणसं, सभागृहं, कलाकार सगळं होतं. तरी रंगभवन आवाजाच्या नियमांत सापडून बंद पडलं आणि यात्रेचं ते जुनं रूप उरलं नाही. मार्सियाककडे रग्बीचं मैदान आणि एक शाळा होती. शाळेतून दरवर्षी वाजवणारी मुलं बाहेर पडतात, त्यांचे पालक ऐकायला येतात, तेच पुढे स्वयंसेवक होतात. महोत्सव भरवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी प्रायोजकांच्या यादीआधी हे बघून यावं असं मला फार वाटतं.

माझ्याकडे एकच दिवस आहे. काय करू?

साडेदहाला पोचा, गाडी शेतात लावा. चौकात कमानीखालची सावलीतली जागा पकडून पहिले दोन बँड ऐका. साडेबाराला जेवा, उशीर नको. दोन ते चार गल्ल्यांमधली दालनं. चारनंतर पुन्हा चौक, या वेळी मंचाच्या जवळ. त्या रात्रीच्या तंबूतल्या कलाकाराचं नाव तुम्हाला खरंच खुणावत असेल तरच तिकीट काढा. नसेल तर आठपर्यंत चौकात बसा, क्रूस्तादचा तुकडा बांधून घ्या आणि उजेडातच निघा. जुलैत तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि रस्ते अरुंद आहेत.